भिंतीवरच्या प्रकाशाचा जमाखर्च

मा. आयुक्त,
कोल्हापूर महानगरपालिका, यांस



1 जून 1929 या दिवशी विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी आपल्या शहरात प्रभात फिल्म कंपनीचा पाया घातला, आणि 1 जून 2029 रोजी त्या घटनेला शंभर वर्षे पुरी होतील. शताब्दी जवळ आली की समित्या नेमल्या जातात, निधी मुक्रर होतो, व्याख्यात्यांना आमंत्रणे जातात. आणि अलीकडे रूढ झालेल्या शिरस्त्यानुसार, एखाद्या ऐतिहासिक वास्तूच्या दर्शनी भिंतीवर शक्तिमान प्रोजेक्टरांच्या साहाय्याने हलत्या चित्रांचा नेत्रदीपक खेळ मांडण्याचा प्रस्तावही कोणीतरी दाखल करतो. असा प्रस्ताव आज ना उद्या आपल्या मेजावर येईल, त्यावर खात्यांचे अभिप्राय मागवले जातील, आणि कदाचित एखाद्या दुपारी इतर पंचवीस कागदांबरोबर त्यालाही मंजुरी मिळून जाईल. ती वेळ येण्यापूर्वी, म्हणजे विचाराला अजून पुरेसा अवकाश आहे तोवर, या शहराच्या एका रहिवाशाने आपल्यापुढे ठेवलेले हे निवेदन आहे. ते खुल्या पत्राच्या रूपाने लिहिण्याचे कारण एवढेच, की ज्या वारशाविषयी ते आहे तो कोणा एका कार्यालयाच्या दप्तरात मावणारा नाही.

प्रारंभीच स्पष्ट करतो, की अशा प्रकाशचित्रांना माझा विरोध नाही. सार्वजनिक ठिकाणी, तिकिटाशिवाय, भाजी घेऊन घरी निघालेल्या माणसाच्या वाटेत येणारी कला ही मला मोठ्या मोलाची गोष्ट वाटते. आणि ज्या शहराने महाराष्ट्राच्या चित्रपटाला आकार दिला, त्या शहरात ती कला चित्रपटाविषयी बोलू लागली तर त्याहून उचित काय असणार? माझे म्हणणे निराळे आहे. कोल्हापूरच्या चित्रपटाचा आरंभीचा फार मोठा भाग कायमचा नाहीसा झालेला आहे. जे नाहीसे झाले आहे त्याची पुनर्कल्पना करताना कलावंत काही देणे शिरावर घेत असतो, आणि ते देणे मान्य करूनच शहराने हा उपक्रम हाती घ्यावा. नष्ट झालेल्याची भरपाई झाली असा आभास भिंतीवर निर्माण होऊ नये, एवढ्या एका मुद्द्यासाठी हा सारा पत्रप्रपंच आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, ज्यांना सारा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, ते मुळात पडदे रंगवणारे. त्यांनी आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श नाटक मंडळीसाठी जे पडदे रंगवले, त्यांच्यावरील राजमार्ग, उद्याने आणि दरबार पाहून प्रेक्षक चकित होत असत. हलत्या चित्राचे वेड लागल्यावर या दोघा बंधूंनी स्वतःच कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला; 1916 साली आनंदराव अकाली निवर्तले, तरी बाबूरावांनी दामल्यांसारख्या शिष्याला बरोबर घेऊन, परदेशी यंत्राच्या रचनेचा अभ्यास करून आणि स्थानिक कारागिरीवर भिस्त ठेवून, तो कॅमेरा 1918 पर्यंत पुरा केला. त्या काळात उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीस भांडवल पुरवले ते तानीबाई कागलकर या गायिकेने, आणि तिच्या पाठीशी राजाश्रय होता तो शाहू छत्रपतींचा. 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके भयंकर वठले होते, की पाहणाऱ्यांचा थरकाप उडाला आणि पुढे त्या दृश्यावर कात्री चालली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच चित्रपटामुळे. पुढे ‘सिंहगड’, ‘कल्याण खजिना’, ‘सावकारी पाश’ असे चित्रपट याच कंपनीतून निघाले, आणि प्रभातचे जे पाच संस्थापक मी वर नमूद केले, त्यांतील चौघे याच घराण्यात घडले.

आता या वैभवाची दुसरी बाजू पाहावी. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती ज्वालाग्राही, आणि आग लागली नाही तरी उष्णतेने व दमटपणाने हळूहळू चिकट होऊन शेवटी भुकटी होणारी. शिवाय तिच्यातील चांदी काढून विकता येत असल्यामुळे, जुना चित्रपट हा पुष्कळांच्या लेखी सांभाळण्याचा ठेवा नसून मोडीत काढण्याचा माल होता. भारतात सुमारे 1300 मूकपट निघाले असावेत असा अंदाज आहे, आणि त्यांतील जे अंशतः वा पूर्णतः आज पाहता येतात, ते दोन-तीन डझनांच्या पलीकडे जात नाहीत. बाबूरावांच्या मूकपटांपैकी ‘मुरलीवाला’सारखा एखादा अपवाद सोडला तर आपल्या हाती उरली आहेत ती काही छायाचित्रे, काही जाहिराती, आठवणींची काही पाने आणि ‘कल्याण खजिना’चे ते भित्तिपत्रक, जे भारतीय चित्रपटाचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने सचित्र भित्तिपत्रक मानले जाते. जे शिल्लक होते त्यालाही आगीने सोडले नाही. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत 1948 साली भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. पुण्यात 2003 साली लागलेल्या आगीत प्रभातच्या काळातील नायट्रेटची रिळे नष्ट झाली. आणि 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, त्यांच्याच नावाचे आपले नाट्यगृह जळाले. शाहू छत्रपतींनी 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उभारलेल्या त्या वास्तूची मालकी आपल्या महानगरपालिकेकडे आहे, म्हणून आगीचा इतिहास आपल्याला निराळा सांगण्याची गरज नाही.

अशा शहरात नव्या तंत्राचा कलावंत येतो तेव्हा तो नेमके काय करतो, हे थोडे बारकाईने पाहणे उपयोगाचे ठरेल. ज्या इमारतीवर चित्र पाडावयाचे, तिचे तो प्रथम लेझरच्या साहाय्याने मोजमाप घेतो. प्रत्येक कमान, प्रत्येक खिडकीची चौकट, प्रत्येक कंगोरा संगणकात उतरवतो. आणि मग त्या नकाशावर आपली चित्रे अशा रीतीने बसवतो, की प्रोजेक्टरमधून प्रकाश पडल्यावर कमान वितळल्यासारखी दिसावी, खिडकीतून पाणी वाहावे, दगडी खांब वेलीसारखा वळावा. चार-पाच प्रोजेक्टरांचे झोत परस्परांत मिसळतात त्या पट्ट्यांत प्रकाशाची तीव्रता कमी-अधिक करून सांधा लपवावा लागतो. भिंतीचा रंग काळपट असेल तर उजेड गिळला जातो. रस्त्यावरचे दिवे त्या अवधीपुरते मालवावे लागतात. या खटपटीला प्रोजेक्शन मॅपिंग म्हणतात, आणि ती करणाऱ्याची दृष्टी चांगली असेल तर परिणाम खरोखर विलक्षण होतो. मला मात्र यात एक ऐतिहासिक विसंगती दिसते. बाबूराव पेंटरांचे चित्रपटातील एक मोठे कार्य हे, की रंगवलेल्या सपाट पडद्यांवर आयुष्य घालवलेल्या या माणसाने चित्रणासाठी तो पडदा दूर सारला आणि त्याच्या जागी घनाकार, चारही बाजूंनी खरे वाटणारे नेपथ्य उभे केले. शंभर वर्षांनंतर आपण त्यांच्याच शहरातील घनाकार दगडी वास्तूला पुन्हा सपाट पडदा करणार आहोत. हे करू नये असे मी म्हणत नाही. पण ज्याच्या नावाने हे करावयाचे त्याने कोणती वाट चालून दाखवली होती, याचे भान करणाऱ्याला असावे.

खरी चिंता त्याच्या पुढची आहे. लुमिएर बंधूंचा स्थानकात शिरणाऱ्या आगगाडीचा लघुपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात जो पहिला खेळ झाला, त्यातही आगगाडीचे ते दृश्य होते. 2020 साली संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने या लघुपटाची एक नवी, झळझळीत आवृत्ती तयार करण्यात आली आणि ती जगभर लाखो लोकांनी पाहिली. मूळ चित्रण सेकंदाला सुमारे 16 चित्रांचे. नवी आवृत्ती सेकंदाला 60 चित्रांची. याचा अर्थ असा, की त्या सुरेख आवृत्तीतील प्रत्येक सेकंदात 40 हून अधिक चित्रे कोणत्याही कॅमेऱ्याने कधीच टिपलेली नाहीत. ती यंत्राने अंदाजाने भरलेली आहेत. फलाटावरच्या स्त्रीच्या पदन्यासाचा मधला भाग, इंजिनाच्या वाफेची मधली वळणे, ही सारी अनुमाने आहेत. जिथे मूळ चित्रपट उपलब्ध आहे तिथे अनुमानाचे प्रमाण एवढे. मग जिथे मूळ चित्रपटाचा एक फूटही उरलेला नाही, तिथे ते किती होईल? ‘सैरंध्री’च्या दोन-चार छायाचित्रांवरून संपूर्ण कीचकवध तयार करून देणारा कारागीर आज सहज मिळेल, भिंतीवर तो पाहून लोक टाळ्याही वाजवतील, आणि दहा वर्षांनी एखादा विद्यार्थी आपल्या प्रबंधात त्या बनावट दृश्याचे वर्णन बाबूरावांची दिग्दर्शनशैली म्हणून करील. यात कोणाचीही लबाडी नसेल. पण एकदा डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मनातून खोडता येत नाही, आणि नकली साक्षीदार बोलका असला की खऱ्या साक्षीदाराचे कोणी ऐकत नाही.

एकच उदाहरण जवळून पाहू. 1925 सालचा ‘सावकारी पाश’ हा ना. ह. आपटे यांच्या कथेवरचा चित्रपट. सावकाराने जमीन गिळल्यामुळे शहरात येऊन गिरणीकामगार होणारा तरुण शेतकरी त्यात शांतारामांनी उभा केला होता, आणि पौराणिक कथांच्या त्या युगात सामान्य माणसाचे दुःख इतक्या वास्तव रीतीने पडद्यावर आले याचे अनेकांना नवल वाटले होते. तो मूकपट आज उपलब्ध नाही. चित्रपट-निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी मात्र पुष्कळ वर्षांनंतर त्याची आठवण सांगून ठेवली आहे: अंधुक प्रकाशात टिपलेली एक उदास झोपडी, आणि एका कुत्र्याचे ओरडणे. मूकपटात कुत्र्याचे ओरडणे कसले, असा प्रश्न पडेल. ते वाडियांच्या कानांनी ऐकलेले नव्हते. दृश्याने त्यांच्या मनात ते उमटवले होते, आणि चित्रपट नाहीसा झाल्यावरही तो न ऐकलेला आवाज त्यांच्यापाशी शिल्लक राहिला.

आता भिंतीवर ‘सावकारी पाश’ दाखवू इच्छिणाऱ्या कलावंताने काय करावे? एक मार्ग असा, की संगणकाकडून झोपडी करवून घ्यावी, तिच्यावर धूळ आणि ओरखडे घालून ती जुनी दाखवावी, कुत्रा उभा करावा आणि ध्वनिक्षेपकावरून त्याचे भेसूर रडणे चौकभर सोडावे. हा मार्ग सोपा आहे, आणि माझ्या मते तो खोटा आहे, कारण जे चित्रपटाने प्रेक्षकाच्या मनावर सोडले होते ते त्याने प्रेक्षकाकडून हिरावून घेतले. दुसरा मार्ग असा, की भिंत बहुतांशी काळोखात ठेवावी; एका कोपऱ्यात दोन-चार रेषांत झोपडीची आकृती उमटू द्यावी; आणि पूर्ण शांततेत ती आठवण कोणाची, कोणत्या चित्रपटाची, आणि तो चित्रपट का दिसू शकत नाही, हे तीन ओळींत लिहावे. अशा भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला आपण काय गमावले हे कळेल, आणि कुत्र्याचा आवाज त्याचा तोच ऐकेल.

यावरूनच माझी पहिली सूचना निघते. चित्रणापूर्वी दृश्यांची, वेशभूषेची, पात्रांच्या हालचालींची रेखाटने करणे ही बाबूरावांची कार्यपद्धती होती. तिलाच या उपक्रमाचा नियम करावा: जे अस्सल चित्रण, छायाचित्र किंवा भित्तिपत्रक आज अस्तित्वात आहे, ते मूळ रूपात, त्याच्या मूळ गतीने, त्यात भर न घालता दाखवावे, आणि जे कल्पनेने रचलेले आहे, ते केवळ रेखाटनाच्या रूपात दाखवावे, छायाचित्रासारखा भास होईल अशा रूपात कधीही नाही. म्हणजे पाचवीतल्या मुलालाही, कोणी न सांगता, कळेल की फोटो दिसतो ते उरलेले आणि रेघ दिसते ते कल्पिलेले. कलावंताच्या प्रतिभेला यात अडसर होतो असे कोणी म्हणेल, तर त्याला एवढेच सांगावे, की रेषेत प्रतिभा दाखवता येत नसेल तर ती रंगांच्या धबधब्यातही दिसणार नाही. आणि आबालाल रहिमान व दत्तोबा दळवी या चित्रकारांच्या गावात रेषेला कमी लेखण्याचा परिपाठ नाही.

दुसरी सूचना स्थळांविषयी आहे. असे खेळ राजवाड्यांवर आणि तलावांकाठी होतात, कारण तिथे गर्दीला उभे राहण्यास जागा असते आणि छायाचित्र चांगले येते. पण कोल्हापूरचा चित्रपट राजवाड्यात पाहिला गेला नाही. तो टुरिंग टॉकीजच्या तंबूत आणि एकपडदा चित्रगृहांत पाहिला गेला, ज्यांपैकी काहींची नावे आजही व्हीनस कॉर्नर आणि उमा टॉकीज या रूपाने चौकांना चिकटून आहेत, बाहेरगावच्या माणसाला पत्ता सांगताना आपण ती रोज वापरतो. अशा चौकांतील एखादी साधी, खिडक्या नसलेली भिंत निवडावी. खरी कॉर्नरला बाबूरावांच्या कॅमेऱ्याच्या स्मरणार्थ जो कॅमेरा स्तंभ आहे, त्याच्याजवळ एक लहानसा, वर्षभर चालणारा प्रक्षेप असावा. दरवर्षी हार घालून झाल्यावर लोक त्या स्तंभापाशी थांबतील असे काही तिथे असले पाहिजे. जळालेल्या नाट्यगृहाचे काम पुरे होईल तेव्हा, त्याच्या एखाद्या दगडी भिंतीवर, केशवराव भोसले आणि पडदे रंगवणारे ते दोघे बंधू यांचा संबंध उलगडून दाखवणारे दृश्य असावे, कारण आपल्या शहरात नाटकाच्या पडद्याआडूनच चित्रपट बाहेर आला आहे. पावसाळ्यात पंचगंगा कुठवर चढते हे आपण जाणताच. तेव्हा यंत्रसामग्रीची जागा पूररेषेच्या वर, आणि मोठ्या खेळांचा हंगाम दिवाळीनंतरचा असावा. शताब्दीचा दिवस 1 जून आहे म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर लाखोंची यंत्रे उघड्यावर मांडण्याचा आग्रह कोणी धरू नये.

तिसरी सूचना चेहऱ्यांविषयी. प्रकाशाचा झोत आपसूक नामवंतांवर जातो, आणि शांताराम, भालजी, बाबूराव यांना तो मिळालाच पाहिजे. परंतु ज्या तानीबाईंच्या पैशावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, त्यांचे नाव या शहरात किती जणांना ठाऊक आहे? चित्रपटात स्त्रीने काम करणे हे कुळाला बट्टा लावणारे मानले जात होते, त्या काळात ‘सैरंध्री’साठी उभ्या राहिलेल्या गुलाबबाई, ज्या पडद्यावर कमलादेवी म्हणून ओळखल्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबरच्या अनसूयाबाई यांनी समाजाचा रोष सोसला. त्याच्या दोन वर्षे आधी ‘सीता स्वयंवर’ हा चित्रपट बाबूरावांना सोडून द्यावा लागला होता, तो काम करण्यास स्त्री मिळेना म्हणून. यांच्याखेरीज रंगारी, सुतार, शिंपी, दाढीमिशा चिकटवणारे, भित्तिपत्रके डकवत गल्लोगल्ली फिरणारे, प्रोजेक्टरच्या खोलीत कार्बनच्या कांड्यांची धग सोसत रात्र काढणारे ऑपरेटर, यांच्या हातांनी हा व्यवसाय चालला. यांची छायाचित्रे नसतील तर नावे दाखवावीत. नावे नसतील तर कामे दाखवावीत. भिंत पुरेशी मोठी आहे.

चौथी सूचना पैशाची आहे आणि ती मी सर्वांत महत्त्वाची समजतो. फ्रान्समधील लिआँ शहरात दर डिसेंबरात प्रकाशोत्सव भरतो आणि इमारतींवर असेच खेळ होतात. त्याच शहरात लुमिएर बंधूंच्या कारखान्याची ती जुनी शेड आहे, जिच्या दारातून बाहेर पडणारे कामगार 1895 साली त्यांनी चित्रित केले होते. लिआँकरांनी ती शेड जतन केली, तिच्यात चित्रगृह केले, आणि त्या रस्त्याला पहिल्या चित्रपटाचे नाव दिले. उत्सव सरल्यावरही त्यांच्यापाशी दाखवण्याजोगी वास्तू उरते. आपल्याकडे जयप्रभाच्या जागेवरून आंदोलने झाली, निवेदने गेली, सभा झाल्या. त्या वादाच्या गुणदोषांत मी इथे शिरत नाही. पण खऱ्या स्टुडिओची वास्तू अनिश्चितीत ठेवावी आणि दुसऱ्याच भिंतीवर त्या स्टुडिओचे प्रकाशचित्र नाचवावे, हे एखाद्याने आजारी आईच्या औषधाचे पैसे तिच्या तसबिरीच्या चौकटीवर खर्चावेत तसे होईल. म्हणून प्रकाशचित्रांसाठी जो निधी मंजूर होईल, त्याचा निदान निम्मा हिस्सा जतनासाठी वेगळा काढावा आणि तो दुसऱ्या कोणत्याही सदरी वळवता येणार नाही अशी तरतूद मंजुरीच्या हुकमातच असावी.

या जतनात करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यातील बरेचसे अल्प खर्चाचे आहे. आपल्या जुन्या पेठांतील घरांमध्ये चित्रपटांच्या गाण्यांची पुस्तके, स्टुडिओंचे हजेरीपट, पगाराच्या पावत्या, वेशभूषेचे नमुने, कृष्णधवल छायाचित्रे यांचे गठ्ठे माळ्यांवर पडलेले असणे सहज शक्य आहे, आणि प्रत्येक घर बदलताना त्यांतील काही रद्दीत जात असणार. प्रभागवार शिबिरे भरवून, मूळ कागद मालकाकडेच ठेवून, त्यांची संगणकीय प्रत तेवढी काढून घेतली, मालकाचे नाव व परवानगी नोंदवली, तर तीन वर्षांत या शहराचे एक दप्तर उभे राहील ज्याला तोड नसेल. रिळे सापडली तर मात्र सावधगिरी हवी: नायट्रेटचे रीळ हे स्फोटक वस्तूइतकेच धोक्याचे असू शकते, ते घरच्या घरी उलगडू नये, कुठल्याही यंत्रावर चढवू नये, थंड जागी ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी संपर्क साधावा. 1964 पासून ती संस्था हेच काम करीत आहे. चंद्रकांत मांडरे यांच्या नावाचे संग्रहालय, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आणि मोरेवाडीची चित्रनगरी ही ठिकाणे आपल्या शहरातच आहेत. त्यांना एका मेजाभोवती बसवण्याचा अधिकार आणि वजन आपल्यापाशी आहे.

कायद्याच्या बाजूने दोन शब्द. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो, म्हणून 1932 चा ‘अयोध्येचा राजा’, जो मराठीतील पहिला बोलपट आणि कोल्हापुरात घडलेला चित्रपट, दाखवण्यास त्या दृष्टीने अडचण नसावी. बाबूराव पेंटर 1954 साली निवर्तले असल्यामुळे त्यांच्या चित्रांवरील हक्कांची मुदतही उलटून गेली आहे. लेखक, कवी, संगीतकार यांचे हक्क मात्र त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालतात, आणि गाजलेल्या पुष्कळ मराठी गाण्यांचे कर्ते अलीकडच्या काळापर्यंत हयात होते. तेव्हा प्रत्येक गीताची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. कायद्याच्या पलीकडे सभ्यतेचाही एक प्रश्न आहे. दिवंगत नटनटींच्या चेहऱ्यांना संगणकाने नवे हावभाव देणे, त्यांच्या आवाजाची नक्कल करून त्यांच्या तोंडी शताब्दीच्या शुभेच्छा घालणे, हे तंत्राला जमते म्हणून ते करण्याजोगे होत नाही. भालजींनी जे वाक्य उच्चारले नाही, ते त्यांच्या आवाजात शहराने ऐकू नये.

हे काम कोणाच्या हातून व्हावे, हेही ठरवावे लागेल. निविदा काढली की बाहेरगावची एखादी मोठी कंपनी तयार साचा घेऊन येते, आणि तोच साचा, नावे बदलून, दुसऱ्या शहरात मांडते. आपल्याकडे दळवीज् आर्ट इन्स्टिट्यूट आहे, कलानिकेतन आहे, अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. यंत्रे भाड्याने आणावीत. चित्रे इथल्या विद्यार्थ्यांच्या हातची असावीत, आणि त्यांना संशोधनासाठी वर्षभराचा अवधी व योग्य मानधन मिळावे. ज्या गावात परदेशी कॅमेऱ्याच्या आधारे देशी कॅमेरा घडवला गेला, तिथे हे अवघड ठरू नये. मूकपटाच्या काळी पडद्याजवळ बसून पेटी-तबला वाजवणारे वादक असत; त्या प्रथेला अनुसरून ध्वनिक्षेपकांच्या भिंतींऐवजी प्रत्यक्ष वादकांना बसवले, तर ध्वनिक्षेपकांचा गोंगाटही टळेल आणि गायनवादनाच्या या नगरीतील कलावंतांना चार कार्यक्रम मिळतील.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो पोकळ नाही. काळोखी भिंत, दोन रेषा, तीन ओळींचा मजकूर, असले खेळ पाहण्यास लोक थांबतील का? भव्यता नसेल तर गर्दी नाही, गर्दी नसेल तर खर्चाचे समर्थन नाही, आणि मग लेखापरीक्षणात प्रश्न. माझे उत्तर असे, की भव्यतेला मी मज्जाव केलेला नाही. ‘अयोध्येचा राजा’तील जे अस्सल चित्रण आपल्यापाशी आहे, ते पन्नास फुटी भिंतीवर, स्वच्छ प्रतीवरून दाखवले तर त्याइतके भव्य दुसरे काय असेल? अस्सल आणि कल्पित यांच्या मध्ये एक रेघ आखावी, एवढेच मागणे आहे. आणि इथल्या प्रेक्षकाची परीक्षा घेण्यात धोका आहे असे मला वाटत नाही. खासबागेत निकाली कुस्तीची तासन्‌तास वाट पाहणाऱ्या माणसाला खरी पकड कोणती आणि ठरवून केलेली कोणती, हे ओळखता येते. त्याला भिंतीवरचे खरे-खोटेही सांगितले तर कळेल.

तेव्हा विनंती अशी, की प्रभातच्या शताब्दीनिमित्त जो कोणता प्रस्ताव येईल, त्याला मंजुरी देण्यापूर्वी महापालिकेने एक ठराव करून पाच अटी मुक्रर कराव्यात: कल्पित दृश्ये रेखाटनाच्या रूपातच असावीत, प्रत्येक खेळाबरोबर कोणते साहित्य अस्सल आणि ते कोठून मिळाले याची यादी त्या जागी मराठीत लावावी, निधीचा निदान निम्मा हिस्सा जतनासाठी राखून ठेवावा, दिवंगतांचे चेहरे व आवाज यंत्राने बोलते करू नयेत, आणि तयार झालेली चित्रे, शोधलेली कागदपत्रे व जमाखर्च शहरातील सार्वजनिक ग्रंथालयात कोणालाही पाहता यावेत. या अटींनी एखाद-दुसरा ठेकेदार मागे फिरेल. तो फिरू द्यावा. 2029 ला अजून अवधी आहे, पण माळ्यांवरच्या कागदांना तेवढा नाही, म्हणून प्रकाशाची निविदा पुढच्या वर्षी निघाली तरी चालेल. कागद गोळा करण्याचे पहिले शिबिर मात्र याच वर्षी भरवावे, अशी आग्रहाची प्रार्थना आहे.

कळावे.

आपला नम्र,
एक कोल्हापूरकर करदाता